कार्डाची मागची बाजू : जुनी अमेरिकन फुटबॉल कार्डं आणि त्यांवरची माणसं

दगडफूल

(या धाग्यात फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. कार्डं म्हणजे पुढे खेळाडूचं चित्र आणि मागे त्याची माहिती असलेली, जमवायची छोटी कार्डं.)

१९५२ साली बोमन कंपनीने फुटबॉल कार्डांचा एकच संच दोन आकारांत काढला, लहान आणि मोठा. चित्रं तीच, खेळाडू तेच, दोन्हींत १४४ कार्डं. मोठ्या आकारातलं मिळायला सगळ्यांत अवघड कार्ड शेवटचं, क्रमांक १४४. त्यावर जिम लॅन्सफर्ड नावाचा टॅकल (पुढच्या फळीतला खेळाडू) आहे. हा माणूस व्यावसायिक फुटबॉल एकच हंगाम खेळला. तो हॉल ऑफ फेममध्ये नाही, त्याच्या नावावर विक्रम नाही. तरीही त्याचं चांगल्या अवस्थेतलं कार्ड घ्यायचं तर त्याच संचातल्या बहुतेक दिग्गजांपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात.

कारण छपाईत आहे. नऊने भाग जाणारे क्रमांक आणि त्यांच्या लगेच पुढचे, अशी कार्डं तावाच्या कडेला यायची आणि ती कमी छापली गेली. १४४ ला नऊने भाग जातो. त्यात मुलं कार्डं क्रमाने लावून गठ्ठ्याला रबरबँड घालायची. पहिलं आणि शेवटचं कार्ड त्या रबराने आधी खाल्लं.

माझ्याकडे ते कार्ड नाही, पण या धाग्याचं निमित्त तेच. सहा वर्षांपूर्वी एका कार्ड शोमध्ये ते काचेखाली पाहिलं, विक्रेत्याला विचारलं, "हा कोण होता?" तो म्हणाला, "शॉर्ट प्रिंट." एवढंच. घरी येऊन मी शोधायला बसले आणि लॅन्सफर्डपेक्षा त्याच्या संघातच अडकले.

त्या संघाचं नाव डॅलस टेक्सन्स. न्यूयॉर्क यँक्स हा संघ गुंडाळून १९५२ मध्ये तो डॅलसला नेला. संघात जॉर्ज टॅलिआफेरो आणि बडी यंग हे कृष्णवर्णीय खेळाडू होते, पण ज्या कॉटन बोल मैदानात ते खेळायचे तिथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळं बसवत. लोक आले नाहीत, पैसा संपला, मालकांनी हंगामाच्या मध्यातच संघ लीगच्या (एनएफएल, अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉलची लीग) हवाली केला. उरलेले पाच सामने या मुलांनी पेन्सिल्वेनियातल्या हर्शी गावात मुक्काम ठोकून, परक्या मैदानांवर खेळून काढले. बारांपैकी एकच सामना जिंकले, तोही ओहायोतल्या अ‍ॅक्रनला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागो बेअर्सविरुद्ध, २७-२३. प्रेक्षक सुमारे ३,०००. प्रशिक्षक जिमी फेलन म्हणाले होते की नावं पुकारण्याऐवजी खेळाडूंनी स्टँडमध्ये जाऊन प्रत्येकाशी हात मिळवून यावं.

पुढच्या वर्षी संघ नव्हताच. उरलेले खेळाडू बॉल्टिमोर कोल्ट्सला मिळाले. म्हणजे १९५२ च्या बोमनमध्ये 'डॅलस टेक्सन्स' असं छापलेलं प्रत्येक कार्ड हे जेमतेम काही महिने जगलेल्या संघाचं आहे.

त्याच संचात जिनो मार्केटी आहे, हे त्याचं रूकी (नवख्याचं, म्हणजे पहिलं) कार्ड. दुसऱ्या महायुद्धात, अठराव्या वर्षी, तो युरोपात मशीनगन घेऊन बल्जच्या लढाईत होता. आर्ट डोनोव्हनचं रूकी कार्डही इथेच. तो मरीन म्हणून पॅसिफिकमध्ये लढून आलेला. दोघे कोल्ट्समध्ये गेले आणि २८ डिसेंबर १९५८ ला यँकी स्टेडियममध्ये न्यूयॉर्क जायंट्सला अतिरिक्त वेळेत २३-१७ हरवून विजेते झाले. त्या सामन्यात मार्केटीचा पाय मोडला होता. स्ट्रेचरवरून आत न्यायला लागले तेव्हा तो नको म्हणाला, सामना बघायचाय म्हणून कडेला पडून राहिला. पुढे त्याने सहकाऱ्यांबरोबर 'जिनोज' नावाची हॅम्बर्गरची दुकानं काढली, ती पसरत शेकड्यांत गेली.

कार्डाच्या मागे यातलं काही नाही. कसं असेल? कार्ड छापलं तेव्हा मार्केटीने अजून एकही सामना खेळलेला नव्हता. मला या कार्डांत सगळ्यांत ओढ लावतं ते हेच. मागची बाजू चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी थांबते: उंची, वजन, कॉलेज, चार ओळी. पुढची पन्नास वर्षं तिथे मावत नाहीत. म्हणून मी एक वही केली आहे. माझ्या बाइंडरमधल्या प्रत्येक कार्डाला एक पान. आजवर ११८ पानं भरलीत.

तुमच्याकडे कोण आहेत, ते लिहा. तारे चालतील, पण कॉमन कार्डांवरच्या माणसांबद्दल ऐकायला जास्त आवडेल.

---

जुनापुराणा

दगडफूल, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी या छंदात चाळीस वर्षं आहे, पण वहीची कल्पना मला कधी सुचली नाही.

तुम्ही १९५२ पासून सुरुवात केलीत, मी जरा मागे नेतो. १८९४ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या मेयो या तंबाखू कंपनीने फुटबॉलपटूंची ३५ कार्डं काढली. सगळे हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे विद्यार्थी. काळी चौकट, आत तपकिरी छटेचा फोटो, खाली नाव. एका कार्डावर मात्र नावच नाही. फोटो आहे, स्वेटर आहे, माणूस सरळ तुमच्याकडे बघतोय, आणि नावाची जागा कोरी. तो हार्वर्डचा जॉन डनलॉप हे नंतर ओळखून काढलं गेलं, तरी सूचीत अजून ते कार्ड 'अनामिक' म्हणूनच ओळखलं जातं. संचातलं सर्वांत दुर्मीळ तेच. मी ते आयुष्यात एकदाच प्रत्यक्ष पाहिलं, लिलावाच्या आधीच्या प्रदर्शनात, आणि बराच वेळ तिथून हललो नाही. नाव गेलं तरी चेहरा उरला, याचं मला तेव्हा फार वाटलं.

दुसरं, १९३५ चा नॅशनल चिकल. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सची च्युइंगगम कंपनी, ३६ कार्डं, रंगीत रेखाटनं, चित्रांच्या पार्श्वभूमीला मोठाल्या आकृत्या. मला आजही फुटबॉलचा हाच संच सगळ्यांत देखणा वाटतो. ३४ क्रमांकावर ब्रॉन्को नागुर्स्की. कॅनडात जन्मलेला, युक्रेनियन आईवडिलांचा मुलगा, मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्सला वाढलेला. शिकागो बेअर्सकडून १९३७ पर्यंत खेळला आणि पैसे जास्त म्हणून कुस्तीत गेला, तिथेही जगज्जेता झाला. १९४३ मध्ये युद्धामुळे बेअर्सकडे माणसंच उरली नाहीत तेव्हा सहा वर्षांनी परत आला, अंतिम सामन्यात टचडाउन केला आणि परत घरी गेला. नंतर गावी पेट्रोल पंप चालवला. तो गाडीच्या टाकीचं झाकण इतकं घट्ट लावायचा की ते पुन्हा त्याच्याशिवाय कुणाला उघडायचं नाही, म्हणून गिऱ्हाईक कायम त्याच्याकडेच यायचं, असं तिथे सांगतात.

त्या कार्डाची उत्तम अवस्थेतली प्रत घराएवढ्या किमतीला गेली आहे. ज्याच्या नावाचं कार्ड, तो मात्र पंपावर लोकांच्या काचा पुसत होता. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहा.

---

बाराखडी

वाचतेय. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण कागद कळतो (कागदाची जपणूक हेच माझं काम), म्हणून एक विचारते. तुम्ही ही कार्डं कशात ठेवता? जुन्या मऊ प्लास्टिकच्या बाइंडर पानांत असतील तर आधी काढा. त्या पीव्हीसीतला मऊपणा आणणारा अंश वर्षानुवर्षं बाहेर झिरपतो आणि शाई धरून बसतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पानं घ्या. आणि उन्हात भिंतीवर लावू नका. लाल रंग आधी जातो.

---

पिट्सबर्गचा_बंडू

पिट्सबर्गमध्ये राहून टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५७ च्या संचाबद्दल लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

तो संच १५४ कार्डांचा. आडवं कार्ड, एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला खेळतानाची मुद्रा. ८९ पासून पुढचा भाग कमी मिळतो आणि नेमके त्याच भागात तीन रूकी आहेत: बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग आणि १३८ क्रमांकावर जॉनी युनायटस.

युनायटस आमच्या गावचा. १९५५ मध्ये इथल्याच स्टीलर्स संघाने त्याला निवडलं आणि सराव शिबिरातूनच घरी पाठवलं. लग्न झालेलं, हाताला काम नाही. तो बांधकामावर लागला आणि आठवड्याला एक सामना ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या गल्लीतल्या संघाकडून खेळू लागला. मानधन सामन्याला सहा डॉलर. मैदानावर गवत नव्हतं. तिथून १९५६ मध्ये कोल्ट्सने उचललं आणि दोन वर्षांत, दगडफूल यांनी वर लिहिलेला १९५८ चा सामना त्याने जिंकून दिला. म्हणजे मार्केटी स्ट्रेचरवरून ज्याचं खेळणं बघत होता, तो हा.

उतारवयात त्याच्या उजव्या हाताने दगा दिला. ज्या हाताने तो चेंडू फेकायचा त्याची बोटं मिटेनात. गोल्फ खेळताना हात काठीला पट्टीने बांधावा लागायचा. ११ सप्टेंबर २००२ ला तो गेला.

त्यानंतर तेराव्या दिवशी, २४ सप्टेंबरला, माइक वेब्स्टर गेला. त्याचं रूकी कार्ड १९७७ च्या टॉप्समध्ये आहे. त्या काळच्या टॉप्स कार्डांवर हेल्मेटं कोरी दिसतात, कारण टॉप्सचा करार खेळाडूंच्या संघटनेशी होता, संघांची चिन्हं वापरायची परवानगी नव्हती. ती १९८२ ला मिळाली. तोवर रंगारी ब्रशने चिन्ह पुसायचे. वेब्स्टर स्टीलर्सचा सेंटर (पुढच्या फळीत मधोमध खेळणारा), चार सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकलेला. शेवटी शेवटी तो आपल्या ट्रकमध्ये झोपायचा, स्टेशनवर झोपायचा. वय पन्नास. इथल्याच शवागारात डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये त्यावरचा निबंध छापून आला. वारंवार बसणाऱ्या डोक्याच्या माराने फुटबॉलपटूंच्या मेंदूची झीज होते हे तिथून जगापुढे आलं.

मी ही दोन कार्डं बाइंडरच्या एकाच पानात, शेजारी शेजारी ठेवली आहेत. संच वेगळे, साल वेगळं, माप मात्र एकच, त्यामुळे बसतात.

---

सह्यकडा

सगळ्यांचं मान्य आहे, तरी एक वेगळं मत मांडतो. माणसाची गोष्ट मोठी, हे खरंच. पण कार्ड ही वस्तू आहे आणि वस्तू सांभाळली नाही तर गोष्टही राहत नाही. मी माझी १९५७ च्या आधीची सगळी चांगली कार्डं ग्रेडिंगला (तपासून दर्जा ठरवायला) पाठवली. स्लॅबमध्ये (प्लास्टिकच्या बंद डबीत) गेली की ती सुरक्षित, आणि कडा कापलेल्या असतील तर तिथे पकडल्या जातात. नव्या लोकांना हे कळत नाही: झिजलेली कड पातीने कापून सरळ केली की कार्ड नवं दिसतं, पण ते मेलेलं असतं. टॉप्सचं अडीच बाय साडेतीन इंच हे माप १९५७ पासून रूढ झालं. त्याआधी मापं वेगवेगळी असायची, म्हणून फसवणूक सोपी. त्याच संचातलं एखादं स्वस्त कॉमन कार्ड जवळ ठेवा आणि महागडं घेण्याआधी त्याच्यावर ठेवून बघा. चौथ्या कोपऱ्यापर्यंत बघा.

१९६२ च्या टॉप्सबद्दल तर जपूनच. काळी चौकट आहे, नखाने टवका उडतो. कुणी काळ्या पेनाने कडा रंगवल्या असतील तर तिरप्या उजेडात शाई चमकते.

---

दगडफूल

सह्यकडा, कापलेल्या कार्डांबद्दल शंभर टक्के सहमत. पण ग्रेडिंगची एक गोष्ट मला सलते. माझ्याकडे लहान आकारातलं मार्केटीचं कार्ड आहे. मागच्या बाजूला कुणा मुलाने पेन्सिलने 'टेक्सन्स' खोडून वर 'बॉल्टिमोर' लिहिलंय. ग्रेडिंगवाल्यांच्या भाषेत ते कार्ड 'मार्क्ड', म्हणजे खुणा केलेलं, दर्जा उतरलेलं. माझ्या दृष्टीने संपूर्ण बाइंडरमधलं ते सर्वांत किमती. १९५३ मध्ये कुठल्याशा घरी एका मुलाने बातमी ऐकली आणि लगेच आपलं कार्ड दुरुस्त केलं.

---

बाराखडी

ते खोडू नका! पेन्सिल स्थिर असते, कागदाला काही करत नाही. खोडरबराने मात्र तंतू उखडतात आणि तो डाग कायमचा. असंख्य कार्डं लोकांनी 'साफ' करून वाया घालवली असतील.

---

शेवंती

दगडफूल ताई, तुमच्या टेक्सन्सच्या गोष्टीतलं 'वेगळं बसवत' हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्याच धाग्याने पुढे लिहिते.

१९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठेच नव्हता, सगळं न बोलता. १९४६ मध्ये रॅम्स क्लीव्हलंडहून लॉस एंजेलिसला आले. तिथलं कोलिसियम स्टेडियम सार्वजनिक पैशाचं. तिथल्या कृष्णवर्णीय वार्ताहरांनी आणि नागरिकांनी धरून लावलं की इथे खेळायचं तर सगळ्यांना संधी द्या. त्या दबावाने केनी वॉशिंग्टनला करारबद्ध केलं, मग वुडी स्ट्रोडला. वॉशिंग्टन यूसीएलएमध्ये जॅकी रॉबिन्सनचा सहकारी होता, १९३९ मधल्या देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक. एनएफएलने दार उघडलं तेव्हा त्याचे गुडघे शस्त्रक्रियांनी थकलेले होते.

आता कार्डाकडे या. वॉशिंग्टनचं कार्ड लीफ कंपनीच्या १९४८ च्या संचात आहे, क्रमांक १७. भडक, सपाट रंग, जागेवरून सरकलेली छपाई, त्या संचाची ओळखच ती. बाजारात याला 'रूकी कार्ड' म्हणतात. १९४८ हा वॉशिंग्टनचा शेवटचा हंगाम होता. पहिलं कार्ड आलं तेव्हा खेळ संपत आला होता. १९७१ मध्ये, ५२ व्या वर्षी, तो वारला. 'रूकी' या शब्दावर मी त्या कार्डापुरती तरी फुली मारली आहे.

त्याच संचात पाचव्या क्रमांकावर येलचा लेव्हाय जॅक्सन आहे. येलच्या फुटबॉल संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. तो व्यावसायिक खेळला नाही, फोर्ड कंपनीत गेला आणि तिथे वरच्या पदांवर पोचला. या कार्डाला कुणी विचारत नाही. घ्या.

१९५१ चा बोमन बघा, एमलेन टनेल. कॉलेजात खेळताना मानेचं हाड मोडलं, सैन्य आणि नौदल दोघांनी नाकारलं, तटरक्षक दलाने घेतलं. तिथे त्याने दोन वेगवेगळ्या प्रसंगी दोन सहकाऱ्यांचे जीव वाचवले, एकाला आगीतून आणि एकाला गोठत्या समुद्रातून. १९४८ मध्ये केळ्यांच्या ट्रकमधून प्रवास करत तो न्यूयॉर्कला आला आणि सरळ जायंट्सच्या कार्यालयात जाऊन म्हणाला, मला संधी द्या. ७९ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच पकडणं) घेऊन निवृत्त झाला, आणि १९६७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. आता तटरक्षक दलाच्या एका जहाजाला त्याचं नाव आहे.

आणि बंडूदादा, तुमच्या १९५७ च्या टॉप्समध्ये ८५ क्रमांकावर डिक 'नाइट ट्रेन' लेन आहे, त्याला विसरलात. ऑस्टिनमध्ये कचऱ्यात टाकून दिलेलं बाळ. एला लेन नावाच्या बाईने उचललं, तिची स्वतःची मुलं असूनही वाढवलं. सैन्यातून आल्यावर तो विमानाच्या कारखान्यात तेलकट पत्रे उचलायचा. एक दिवस जुन्या कात्रणांची वही काखोटीला मारून रॅम्सच्या कार्यालयात शिरला. १९५२, पहिलाच हंगाम, १२ सामने, १४ इंटरसेप्शन. तो विक्रम अजून तसाच आहे, आता सामने जास्त असूनही.

---

पिट्सबर्गचा_बंडू

शेवंती, लेन कसा विसरलो! आज त्याचं कार्ड समोर काढून ठेवतो.

---

जुनापुराणा

शेवंतीताई, उत्तम. टॅलिआफेरोचं नाव आलंच आहे म्हणून एक भर: १९४९ च्या निवडीत (संघ दर वर्षी कॉलेजचे खेळाडू निवडतात, ती) एनएफएल संघाने निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, बेअर्सने घेतलेला. पण त्याने आधीच दुसऱ्या लीगमधल्या लॉस एंजेलिस डॉन्सला शब्द दिला होता आणि तो पाळला.

आता माझा लाडका संच. १९५५, टॉप्स ऑल-अमेरिकन, १०० कार्डं. व्यावसायिक खेळाडू तेव्हा बोमनच्या ताब्यात होते, म्हणून टॉप्सने जुन्या कॉलेजवीरांना काढलं. (पुढच्याच वर्षी टॉप्सने बोमनच विकत घेतली.) त्यामुळे या संचात गेलेली माणसं आहेत, म्हातारी झालेली आहेत, भलत्याच क्षेत्रात गेलेली आहेत. दगडफूल, तुमच्या वहीसाठीच छापलाय जणू.

व्हिझर व्हाइट घ्या. खरं नाव बायरन, टोपणनाव त्याला आवडायचं नाही. १९३८ मध्ये पिट्सबर्गने १५,८०० डॉलर दिले, तेव्हाचा सर्वाधिक पगार, आणि त्याने लीगमध्ये धावण्यात पहिला क्रमांक काढला. मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, परत येऊन डेट्रॉइटकडून पुन्हा पहिला, मग युद्धात नौदलाचा गुप्तवार्ता विभाग, मग कायदा. १९६२ ते १९९३, एकतीस वर्षं तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. या कार्डात चूकही झाली: काही प्रतींत व्हाइटच्या मागे गेनेल टिन्सलीची माहिती आणि टिन्सलीच्या मागे व्हाइटची. नंतर सुधारली. दोन्ही प्रकार गोळा करणारे आहेत.

जे बर्वँगर : १९३५ चा पहिला हाइझमन पुरस्कार (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा), १९३६ च्या पहिल्यावहिल्या निवडीतलं पहिलं नाव. बेअर्सशी पैशांवर जमलं नाही, तो एकही सामना न खेळता फोम रबर विकायला लागला. तो पुरस्कार त्याच्या मावशीच्या घरी दार उघडं ठेवायला लावलेला असायचा.

आणि नाइल किनिक, आयोवा विद्यापीठ, १९३९ चा हाइझमन. त्यालाही व्यावसायिक बोलावणं होतं, तो कायदा शिकायला गेला आणि मग नौदलात वैमानिक झाला. २ जून १९४३, व्हेनेझुएलाजवळ, विमानाचं तेल गळायला लागलं. समुद्रात उतरवलं. मदत पोचेपर्यंत तो नव्हता, देह मिळाला नाही. वय २४. कार्ड आलं तेव्हा त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. आयोवाच्या स्टेडियमला आज त्याचं नाव आहे. या कार्डाचा हसरा चेहरा मला बघवत नाही, तरी मी ते विकलं नाही, कधी विकणार नाही.

---

सह्यकडा

किनिकचं वाचून गप्प झालो. माझ्याकडे आहे, स्लॅबमध्ये. आत्ता उलटं करून मागचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला.

---

शेवंती

वयाबद्दल निघालंच आहे तर ब्रायन पिकोलो. १९६९ टॉप्स, क्रमांक २६. त्याचं खेळतानाचं एकमेव कार्ड हे. त्या वर्षीच्या पहिल्या मालिकेला पांढरी चौकट नाही, रंग थेट कडेपर्यंत, त्यामुळे जरा हाताळलं की कड पांढरी दिसते. बेअर्समध्ये तो आणि गेल सेयर्स एका खोलीत राहायचे, एक गोरा एक काळा, त्या संघात हे आधी कधी झालं नव्हतं. जून १९७० मध्ये कर्करोगाने गेला, २६ वर्षांचा.

आणि १९८२ च्या टॉप्समध्ये कॅन्सस सिटीचा जो डिलेनी. जून १९८३, लुइझियानातलं मनरो गाव, तळ्यात तीन मुलं बुडत होती. त्याला धड पोहता येत नव्हतं. तरी उडी मारली. एक मुलगा वाचला. डिलेनी २४ वर्षांचा होता. हे कार्ड ढिगात मिळतं. ढिगातून उचला.

---

ओलसर_पान

पहिल्यांदाच लिहितेय. नवऱ्याला हा छंद आहे, मी धागा त्याला दाखवायला उघडला आणि स्वतःच वाचत बसले.

एक प्रश्न आहे, किंवा विनंती समजा. तो जुन्या खेळाडूंच्या घरी पत्र घालून कार्डांवर सह्या मागवतो. गेल्या वर्षी एक कार्ड परत आलं, सही नव्हती. खेळाडूच्या पत्नीने सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या, की त्यांना आता आपलं नाव लिहिता येत नाही, पण कार्ड पाहून ते हसले. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता. त्या दोन ओळी लिहायला त्या बाईंना किती बळ लागलं असेल ते मला माहीत आहे. अशी पत्रं पाठवावीत का?

---

जुनापुराणा

ताई, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. पाठवावीत, पण सही मागू नये. मी अलीकडे फक्त पत्र पाठवतो: तुमचं अमुक कार्ड माझ्याकडे आहे, अमुक सामना मला आठवतो. कार्ड पाठवत नाही, परतीचं पाकीट ठेवत नाही. उत्तराचं ओझं त्यांच्यावर पडू नये. तरीही कधी कधी उत्तर येतं.

आणि जॉन मॅकी यांच्याबद्दल वाचा. फिलाडेल्फिया कंपनीच्या १९६४ च्या संचात त्यांचं रूकी कार्ड आहे, बॉल्टिमोर कोल्ट्स, टाइट एंड या जागेवर खेळायचे. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि संघ बदलण्याच्या हक्कासाठी लीगवर खटला भरून १९७६ मध्ये जिंकले. आज खेळाडूंना जे पैसे मिळतात त्याची एक मुळी तिथे आहे. उतारवयात स्मृतिभ्रंश झाला. खर्च झेपेना. पत्नी सिल्व्हिया यांनी लीगच्या प्रमुखांना पत्र लिहून घरात काय चाललंय ते सांगितलं. त्यातून २००७ मध्ये अशा माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी योजना उभी राहिली, वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत. आकडा मुद्दाम तो ठेवला, मॅकी यांच्या जर्सीचा क्रमांक ८८ होता म्हणून. २०११ मध्ये ते गेले.

---

ओलसर_पान

आभारी आहे, काका. नवऱ्याने वाचलं. त्या बाईंना आम्ही दोघं मिळून पत्र लिहितोय, काही न मागता.

---

दगडफूल

तीन दिवस धागा बघू शकले नाही आणि आज सगळं एका बैठकीत वाचलं. ओलसर_पान, तुमच्या प्रतिसादानंतर बराच वेळ मी नुसती बसून होते.

वहीत आज सात पानं नवी झाली: वॉशिंग्टन, जॅक्सन, टनेल, लेन, किनिक, डिलेनी, मॅकी. यातली चार कार्डं माझ्याकडे नाहीतच. नियम असा होता की कार्ड आधी, पान नंतर. तो आज मोडला. डिलेनी आणि जॅक्सन पहिल्यांदा शोधणार.

सह्यकडा, तुमच्या सांगण्याप्रमाणे मार्केटीचं कार्ड त्याच संचातल्या दुसऱ्या कॉमनवर ठेवून पाहिलं. चारही कोपरे जुळतात, कापलेलं नाही. बाराखडी, पानं बदलली, पॉलिप्रॉपिलीनची आणली. जुन्या पानातून काढताना मागची बाजू उजेडात धरली तर पेन्सिलच्या 'बॉल्टिमोर'खाली अजून एक पुसट अक्षर दिसलं. भिंगातून पाहिलं. त्या मुलाने आधी 'हर्शी' लिहायला घेतलं होतं, पहिलं अक्षर काढून थांबला होता, असं मला वाटतंय. जुनापुराणा काका, तुमच्याकडे या संचाची अशी लिहिलेली कार्डं आणखी असतील तर मागच्या बाजूचे फोटो टाकाल का?

---

जुनापुराणा

नऊ आहेत. उद्या सकाळच्या उजेडात काढून टाकतो.